अंगणात आलेली शाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात सकाळच्या वेळी पाऊल टाकावे, तो एखाद्या देवळाच्या ओवरीतून अथवा ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीतून लहान मुलांचा किलबिलाट कानी येतो. कोणी गाणे म्हणत असते, कोणी मातीचा बैल करण्यात गढलेले असते, आणि आईचा पदर सोडावयास तयार नसलेले एखादे पोर दारातच भोकाड पसरून बसलेले असते. ही गावची अंगणवाडी होय. कागलपासून चंदगडपर्यंत आबालवृद्धांच्या तोंडी रुळलेला हा शब्द फार जुना नाही. ज्यांनी तो रूढ केला, त्या बाईंचे नाव ताराबाई मोडक. दारात बसून रडणाऱ्या त्या पोराचे काय करावे, हा प्रश्न त्यांनी आपल्या आयुष्याचा प्रश्न मानला.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईस झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थनासमाजाच्या विचारांची होती. मुलींनी शिकू नये असे बहुतेक घरांत मानले जात असतानाच्या त्या दिवसांत केळकरांच्या घरी मुलीच्या हाती पुस्तक देण्यास कोणाची हरकत नव्हती. 1914 साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. 1921 साली ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला, प्रभेला घेऊन त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्यांची जागा पत्करली. पगार चांगला होता, मान होता. आयुष्य तेथे सुखाने गेले असते.

पण घरात प्रभा वाढत होती. इतरांच्या मुलींना शिक्षिका बनविणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलीला कोणत्या शाळेत घालावे, हे सुचेना. कारण त्या वेळची शाळा कशी होती? गुरुजींच्या हाती छडी असे आणि मुलांच्या मनात धाक असे. उत्तर चुकले की हातावर वळ उठत. अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे या तर नित्याच्या गोष्टी. मार बसल्यावर रडावयाचीही सोय नसे, कारण रडण्याबद्दल आणखी एक छडी ठेवलेलीच असे! गुरुजी दुष्ट होते असे मुळीच नाही. त्यांतील कित्येक मुलांवर जीव टाकणारे होते. मात्र भीतीवाचून विद्या येत नाही, ही समजूत गुरुजींची होती, आईबापांची होती, आणि मार खाणाऱ्या मुलांचीही होती. आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. गोरगरिबांच्या मुलांना शाळेची दारे उघडून देणारे ते फार थोर कार्य होते. तथापि मूल शाळेत येऊन बसल्यावर त्याच्या मनात काय चालते, याची चौकशी करण्याची रीत अजून कोठेच पडली नव्हती.

अशा वेळी ताराबाईंना भावनगरच्या गिजुभाईंविषयी कळले. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे, या विचारातून ते मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीच्या लेखनाकडे वळले होते. माँटेसोरीबाईंनी 1907 साली रोम शहरातील गरीब वस्तीत एक बालगृह उघडले होते. मुलाला योग्य साधने आणि मोकळीक दिली, तर ते धाकावाचून, बक्षिसावाचून आपण होऊन काम करते, असे त्यांनी तेथे दाखवून दिले. ते वाचून गिजुभाईंनी वकिलीचा झगा उतरविला आणि 1920 साली दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना गुजरातेत लोक कौतुकाने मिशाळ आई म्हणत. ताराबाईंनी राजकोटची मोठ्या पगाराची जागा सोडली आणि 1923 च्या सुमारास त्या मुलीसह भावनगरला गेल्या. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात मुलांची नाके पुसावयास जाणे, हे अनेकांना खुळेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

भावनगरला ताराबाई जे शिकल्या, ते पुस्तकात सापडण्याजोगे नव्हते. मूल रडू लागले की मोठी माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. ती त्याला दटावतात, नाही तर खाऊ देऊन गप्प बसवितात. बालमंदिरात या दोन्ही गोष्टींना मज्जाव होता. दटावल्याने रडे थांबते, पण दुःख आतच राहते. खाऊ दिल्याने मूल रडण्याचा व्यापार करावयास शिकते. मग करावयाचे काय? तर प्रथम मूल का रडते ते पाहावयाचे. आई गेली म्हणून रडणारे मूल निराळे, शेजाऱ्याने खेळणे हिसकावले म्हणून रडणारे निराळे, आणि भूक लागली असूनही ती सांगता येत नाही म्हणून रडणारे आणखी निराळे. मोठ्यांना सगळी रडणी सारखीच ऐकू येतात, हा दोष कानांचा आहे. पहिल्याला जवळ बसू द्यावयाचे, दुसऱ्याची तक्रार पुरी ऐकून घ्यावयाची आणि तिसऱ्याला आधी खाऊ घालावयाचे. रागावलेल्या मुलाला बोलून बोलून अधिक चिडविण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे, मातीचा गोळा द्यावा, पाणी भरावयास सांगावे. हात गुंतले की मन हळूहळू ताळ्यावर येते, हा तेथील नित्याचा अनुभव होता.

शांततेचा खेळ हाही असाच. सर्व मुलांनी डोळे मिटून निश्चल बसावयाचे आणि एरवी ऐकू न येणारे आवाज ऐकावयाचे: पानांची सळसळ, दूरच्या गाडीची चाके, आपलाच श्वास. हा खेळ म्हणजे गप्प बसण्याची शिक्षा नव्हे. आपल्या चंचल देहावर आपणच सत्ता चालविण्याचा आनंद त्यात असतो. अर्थात तो पहिल्याच दिवशी साधत नाही. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील उत्साही शिक्षक पहिल्या दिवशी हा खेळ घेऊ पाहतो, तो वर्गात नुसता गोंधळ माजतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच मुले चित्रासारखी स्तब्ध होतात.

गोष्टीच्या बाबतीत मात्र गिजुभाई आणि माँटेसोरीबाई यांच्यात मतभेद होता. लहान मुलांना पऱ्यांच्या, राक्षसांच्या कल्पित कथा सांगू नयेत, असे त्या विदुषीचे मत. गिजुभाईंना आणि ताराबाईंना आपल्याकडील लोककथांचे, बालगीतांचे आणि नाटुकल्यांचे मोल ठाऊक होते. लांडग्याचे सोंग घेणारे मूल लांडग्याला भीत नाही. जी भीती मुलाला साध्या शब्दांत सांगता येत नाही, ती त्याला सोंगातून सांगता येते. परदेशातून आलेली पद्धत जशीच्या तशी न घेता आपल्या मातीत रुजविण्याचा हा विवेक पुढे ताराबाईंच्या फार उपयोगी पडला.

1926 साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेच्या द्वारे ताराबाई मराठी आईबापांशी बोलू लागल्या. मुलाला बागुलबुवाची भीती घालू नये, चारचौघांत त्याची लाज काढू नये, भावंडांची तुलना करून मत्सर पेरू नये, ही शिकवण त्यांनी घरोघर पोहोचविली. 1936 साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार स्थापन केला. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिका तयार करण्याचेही काम होऊ लागले. संस्था नावारूपाला आली.

परंतु यशाच्या या दिवसांतच ताराबाईंना एक गोष्ट सलू लागली. बालमंदिराची साधने महाग होती आणि तेथे येणारी मुले बहुतांशी सुखवस्तू घरांतील होती. भीतीवाचून शिकण्याचे सुख पैसेवाल्यांच्या मुलांनाच मिळावे काय? बालशिक्षण हा श्रीमंतांचा चोचला आहे, असा आक्षेप घेतला जाई आणि त्याला तोंडाने उत्तर देऊन भागण्यासारखे नव्हते. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. त्यांच्या मदतीस तेथे अनुताई वाघ आल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले होते. दुःख म्हणजे काय, हे या दोघींनाही कोणी शिकवावयास नको होते.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. थोरली मुले धाकट्यांना सांभाळीत, आईबाप मजुरीला जात. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तेथेच शाळा भरे. मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावे, मग गाणी आणि खेळ. ही अंगणातील शाळा म्हणजेच अंगणवाडी. महागडी साधने गेली. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आणि चिकणमाती आली. समुद्र आणि रान यांनी ती फुकट पुरविली.

1957 साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आदिवासींचा मुलूख. सावकार आणि जमीनदार यांच्या जाचाखाली येथील माणसे पिढ्यान् पिढ्या वेठीस राबली होती. 1945 साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ती वेठीविरुद्ध उठली होती. ज्यांच्या आईबापांनी धाकाखेरीज काही पाहिले नव्हते, अशी ही मुले. पांढरपेशा माणूस दिसला की ती रानात पळून जात. त्यांना बोलते करावयाचे तर त्यांच्या बोलीचा, त्यांच्या गाण्यांचा आणि नाचांचा मान ठेवणे भाग होते. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षकाने कुरणातच मुलांना गोळा करावयाचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच छायेखाली आणणारी विकासवाडीही येथेच आकाराला आली. पळून जाणारे मूल प्रथम झाडाआडून पाही, मग चार पावले जवळ येई, आणि एके दिवशी आपण होऊन बियांचा ढीग पुढे ओढून बसे. त्या एका दिवसासाठी शिक्षिकांना कधी कधी महिनोन् महिने वाट पाहावी लागे. ताराबाईंपाशी उत्साह होताच, पण त्याहून मोठे भांडवल धीराचे होते.

1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची देशव्यापी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि ते भारताच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढून प्राथमिक शाळेतील मुलांच्या मनालाही असेच मोकळे आवार मिळवून दिले. इकडे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ 1992 साली मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिल्या.