भगवंतांचा वैद्य जीवक

राजगृहाच्या सालवती गणिकेने आपले नवजात मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. राजपुत्र अभयाने ते उचलून वाढविले. जिवंत सापडला म्हणून त्याचे नाव जीवक. हाच पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला. ही हकीगत विनयपिटकातील महावग्गात आहे.

तक्षशिलेत 7 वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला भोवतालच्या योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती आणायला सांगितली. जीवक रिकाम्या हातांनी परतला आणि परीक्षेत उतरला.

साकेत नगरीत एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके 7 वर्षे दुखत होते. मोठमोठे वैद्य हरले होते. जीवकाने पसाभर तुपात औषधे उकळून ते नाकावाटे दिले आणि दुखणे गेले. बिंबिसार राजाचे भगंदर त्याने लेपाने बरे केले. या उपचारांत कुठे मंत्र नाही, अंगारा नाही. आधी रोग पाहिला, मग औषध दिले. भगवंतांनीही आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्यास अनुमती दिली होती.

आपल्याही घरात आले, हळद, ओवा आहेच. साध्या खोकल्यावर आल्याचा रस मधातून घ्यावा. मात्र वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. ताप हटेना, मूल दूध पिईना, तर देवऋषीचा उंबरठा न चढता त्याला तडक दवाखान्यात न्यावे. जीवकाचे स्मरण करायचे ते असे.