एम्सचे पहिले संचालक, मेंदूतलं रसायन आणि बेडकाचं अंडं

कुंभारीचं अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो वा दिल्लीचं एम्स, एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी ॲसिटिलकोलिन हे नाव पाठ होतं. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवणारं हे रसायन. ते मेंदूतही असतं आणि तिथे काम करतं, हे सुरुवातीला दाखवणाऱ्यांत एक मराठी डॉक्टर होते : भालचंद्र बाबाजी दीक्षित (१९०२-१९७७).

तेव्हा वाद काय होता?

१९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं आणि त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे नसा रसायनातून बोलतात. मेंदूत मात्र निरोप विजेनेच जातो, असं अनेक नामवंत मानत होते.

दीक्षित एडिंबरा विद्यापीठात ए. जे. क्लार्क यांच्या विभागात गेले. किती औषधाला किती परिणाम, याचं गणित क्लार्क यांनी बेडकाच्या हृदयावर आणि पोटाच्या स्नायूवर मांडलं होतं. दीक्षितांनी थेट मांजराचा मेंदू घेतला. मेंदूतल्या पोकळीत ॲसिटिलकोलिनची अगदी सूक्ष्म मात्रा टोचली, तर श्वसनावर परिणाम दिसला. पुढच्या प्रयोगांत प्राण्याला झोपेसारखी गुंगी आली. मेंदूच्या ऊतीतही हे रसायन सापडलं. १९३४ चा हा शोधनिबंध काळाच्या पुढचा होता.

पण रसायन पेशीवर नेमकं कुठे बसतं? ‘रिसेप्टर’ तेव्हा फक्त कागदावरच्या गणितात होता.

दीक्षित १९४६ मध्ये पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले, १९५६ मध्ये एम्सचे पहिले संचालक. देशाला संस्था मिळाल्या. प्रयोगशाळेने एक चांगला हात गमावला, हेही खरं.

मग बेडकाचं अंडं कशाला?

दीक्षितांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, बर्नार्ड, मिलेडी आणि सुमिकावा यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत विजेरी माशाचा एमआरएनए टोचला. जेमतेम मिलिमीटरभराची ही पेशी परक्या सूचनेवरूनही प्रथिनं बनवते. तिने रिसेप्टर बनवून आपल्या पडद्यावर बसवले. अशा पेशीत काचेचे दोन बारीक इलेक्ट्रोड खुपसून व्होल्टेज स्थिर धरायचं आणि ॲसिटिलकोलिन सोडायचं. रिसेप्टरचं दार उघडतं, सोडियमचे आयन आत शिरतात आणि प्रवाहाची रेघ आलेखावर उमटते. हा प्रवाह अगदी सूक्ष्म असतो.

मेंदूच्या रिसेप्टरवर चालणारी नवी औषधं आजही अशा अंडपेशींवर तपासली जातात. अल्झायमरच्या रुग्णांना दिलं जाणारं डोनेपेझिल मात्र वेगळ्या वाटेने जातं : ते मेंदूतलं ॲसिटिलकोलिन लवकर मोडू देत नाही.