मॅज सायर्स : बर्फावर मोकळा पाय दाखवणारी पहिली विजेती



खेळाडूंच्या चरित्रांत आपण मुलांना धावपटू, कुस्तीगीर, क्रिकेटपटू सांगतो. आज एक वेगळं नाव घेऊया. बर्फावर घसरत नक्षी काढण्याचा खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. या खेळातली पहिली महिला ऑलिंपिक विजेती म्हणजे मॅज सायर्स. नियमात स्त्रियांना बंदी नव्हती, पण परवानगीही लिहिलेली नव्हती. त्या रिकाम्या जागेतून ही मुलगी आत शिरली.

जन्म आणि सुरुवात

मॅज यांचा जन्म 16 सप्टेंबर 1881 रोजी लंडनमध्ये झाला. माहेरचं नाव फ्लॉरेन्स मॅडलिन केव्ह. वडील बांधकाम व्यावसायिक होते आणि घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात प्रिन्सेस स्केटिंग क्लब होता. तिथल्या बर्फावर त्या सराव करत. तिथल्याच वर्तुळात त्यांची एडगर सायर्स यांच्याशी ओळख झाली आणि 1900 साली दोघांचं लग्न झालं. एडगर स्वतः स्केटिंग करणारे आणि शिकवणारेही होते.

दोन शैली आणि एक मोकळा पाय

इथे थोडं थांबून खेळ समजून घेऊ. स्केटर बहुतेक वेळ एकाच पायावर असतो. बर्फावर टेकलेला तो आधाराचा पाय, आणि हवेत असलेला तो मोकळा पाय. नवख्या माणसाला वाटतं, मोकळ्या पायाला काही काम नाही. खरं तर तोल, वळण आणि वेग यांत त्याचा मोठा वाटा असतो.

त्या काळी इंग्लंडमध्ये जी पद्धत होती ती ताठ होती. गुडघा सरळ, हात अंगाला चिकटलेले, मोकळा पाय आधाराच्या पायाजवळ धरलेला. युरोपात मात्र वेगळी शैली रुजली होती. जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरने 1860 च्या दशकात व्हिएन्नात नृत्यासारखं स्केटिंग दाखवलं होतं, त्यातून ती वाढली. तिच्यात मोकळा पाय कंबरेपासून हलतो, बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, आणि त्याचा चवडा खाली ताणलेला असतो. वर्तुळ काढताना तो आधी मागे राहतो, मग आधाराच्या पायाजवळून हळूच पुढे येतो. घाईने पुढे आणला तर शरीर गरकन फिरतं आणि बर्फावरची रेघ बिघडते.

एडगर या नव्या शैलीचे पुरस्कर्ते होते. मॅज यांनी इंग्रजी पद्धत सोडून ती शैली आत्मसात केली. अंगवळणी पडलेली सवय मोडून नवी लावणं किती कठीण असतं, हे आपल्याला शिक्षक म्हणून चांगलंच माहीत आहे!

1902 : पुरुषांच्या स्पर्धेत

1902 ची जागतिक स्पर्धा लंडनमध्ये होती. तोपर्यंत तिथे फक्त पुरुषच उतरले होते. नियम वाचले, तर स्त्रियांना मनाई कुठेच नाही! मॅज यांनी नाव दिलं. वय अवघं 20. स्वीडनचे उलरिख साल्खो पहिले आले आणि मॅज दुसऱ्या.

पुढे काय झालं? 1903 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने स्त्रियांना या स्पर्धेतून वगळलं. चर्चेत आलेली कारणं ऐकण्यासारखी आहेत. लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, हे एक. परीक्षक आपल्याला आवडणाऱ्या मुलीला झुकतं माप देईल, हे दुसरं. आणि स्त्री-पुरुषांची तुलना करणं अवघड, हे तिसरं.

यातलं पायाचं कारण खेळाच्या दृष्टीने अगदीच खोटं नव्हतं. पाय कसा धरलाय हे दिसल्याशिवाय गुण देणार कसे? पण त्याला उपाय बंदी हा नव्हता. मॅज यांनी झगा आखूड केला, पोटरीपर्यंतचा. मोकळा पाय दिसू लागला. पुढे इतर स्त्रियांनीही तसे झगे वापरले.

1903 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र होते. मॅज यांनी ती जिंकली. 1904 मध्ये पुन्हा जिंकली, आणि दुसऱ्या क्रमांकावर होते त्यांचे पती एडगर!

विजेतेपदं आणि ऑलिंपिक

अखेर स्त्रियांसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मान्य झाली. 1906 मध्ये दावोसला आणि 1907 मध्ये व्हिएन्नात मॅज विजयी झाल्या. ऑक्टोबर 1908 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंग प्रथमच आलं. स्पर्धा त्यांच्या ओळखीच्या प्रिन्सेस क्लबमध्येच झाली. पाचही परीक्षकांनी त्यांना पहिलं ठरवलं. शिवाय एडगर यांच्यासोबत जोडी प्रकारात कांस्यपदकही मिळालं.

त्यानंतर तब्येतीने साथ सोडली आणि त्यांनी स्पर्धा थांबवल्या. पण दोघांनी मिळून आंतरराष्ट्रीय शैलीवर पुस्तक लिहिलं, ते 1913 मध्ये आलं. 9 सप्टेंबर 1917 रोजी हृदयविकाराने मॅज यांचं निधन झालं. छत्तिसावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. 1981 मध्ये त्यांचं नाव जागतिक फिगर स्केटिंगच्या मानाच्या यादीत घेतलं गेलं.

वर्गात करून पाहा

मुलांना मोकळ्या जागेत एका पायावर उभं करा. दुसरा पाय आधी मागे ताणायला सांगा, मग सावकाश पुढे आणायला सांगा. नंतर तोच पाय झटक्यात पुढे आणू द्या. तोल कधी जातो, अंग कुठे वळतं, हे मुलं स्वतःच सांगतील. (भिंत जवळ असू द्या, म्हणजे कोणी पडणार नाही.)

मग चर्चेला दोन प्रश्न द्या :

1. पाय दिसत नाहीत म्हणून खेळाडूला बाहेर काढणं आणि पोशाख बदलू देणं, यांत योग्य काय? का?
2. आपल्या शाळेत एखादा नियम न लिहिताच पाळला जातो का? तो कोणाला बाहेर ठेवतो?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आपण मोठ्यांनीही शांतपणे ऐकावीत.