कवि अलेक्झांडर पोप ह्याचें आजारपण

अलेक्झांडर पोप ह्याचें नांव इंग्रजी वाङ्मयांत मोठें आहे. त्याच्या काव्याचें गुणदोषविवेचन करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्या तरुणपणची एक हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या मातापितरांस सांगावी, एवढ्यासाठींच आम्ही हें लिहीत आहों.

पोपचा जन्म लंडन शहरीं ता. २१ मे १६८८ रोजीं झाला. त्याचा बाप कापडाचा व्यापारी होता. कुटुंब रोमन कॅथॉलिक पंथाचें असल्यामुळें त्या वेळच्या कायद्यानें मुलास विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. पुढें ही मंडळी विंडसरच्या अरण्यालगत बिनफील्ड नांवाच्या खेड्यांत राहावयास गेली. तेथें ह्या मुलानें बहुतेक सर्व विद्या स्वतःच्याच परिश्रमानें संपादन केली.

सुमारें बाराव्या वर्षीं त्याला पाठीच्या कण्याचा क्षय जडला. हा रोग मणके आंतून पोखरतो. मणके खचले कीं पाठ वांकते व कुबड येतें. पोपची वाढ खुंटली. त्याची उंची पुढें साडेचार फुटांच्या वर गेली नाहीं. डोकेदुखीनें तर त्याला जन्मभर छळलें. ह्या रोगाचा जंतु कॉक ह्यानें १८८२ सालीं शोधून काढला, व त्यावर गुणकारी औषधें विसाव्या शतकाच्या मध्यास मिळालीं. पोपच्या काळीं ह्यांतलें कांहींच नव्हतें.

मुलगा सदासर्वकाळ पुस्तकांत डोकें घालून बसे. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याची प्रकृति फारच ढासळली. पुष्कळ वैद्य झाले, गुण येईना. शेवटीं त्यानें आशा सोडली. आपण आतां वांचत नाहीं असें मनाशीं ठरवून तो स्वस्थ बसला, आणि निवडक मित्रांस त्यानें निरोपाचीं पत्रें लिहिलीं.

त्यांतलें एक पत्र साउथकोट नांवाच्या धर्मगुरूच्या हातीं पडलें. मित्राच्या आजारापेक्षां त्याच्या ह्या निश्चयानेंच साउथकोट अधिक घाबरला असावा, असें आम्हांस वाटतें. हळहळ व्यक्त करून तो थांबला नाहीं. त्या काळचे नामांकित डॉक्टर रॅडक्लिफ ह्यांस त्यानें तत्काळ गांठलें, सर्व हकीकत कळविली व त्यांचा सल्ला घेऊन तो स्वतः विंडसरच्या अरण्यांत गेला. सल्ला साधाच होता : अभ्यास कमी करावा व रोज घोड्यावर बसून फिरावें. पोपनें तो मानला. कुबड गेलें नाहीं. परंतु अंगीं शक्ति आली, व जगण्याची उमेद परत आली.

दीर्घकाळचें दुखणें व मनाची खिन्नता हीं एकमेकांस पोसतात, असें आजचें वैद्यकशास्त्रही सांगतें. दुखण्यानें झोंप मोडते, शाळा बुडते, खेळ सुटतो, सोबती दुरावतात. मन खचतें, आणि खचलेल्या मनास तेंच दुखणें दुप्पट भासतें. म्हणून अशा मुलांच्या बाबतींत शरीर व मन ह्या दोहोंवर एकदमच उपचार करावे लागतात. थोडथोडी हालचाल, नियमित झोंप, माणसांची संगत व मनमोकळें बोलणें ह्यांचा त्यांत मोठा वांटा असतो.

पोपचे कष्ट संपले नव्हते. १७११ सालीं जॉन डेनिस नांवाच्या टीकाकारानें त्याच्या व्यंगाची छापील कुचेष्टा केली, व ती त्याला फार लागली. उतारवयांत ताठ कापडाची घट्ट काचोळी बांधल्यावांचून त्याला उभेंही राहवत नसे. तरीही १७१५ ते १७२० ह्या अवधींत त्यानें होमरच्या इलियड काव्याचें सहा खंडांत भाषांतर केलें, व त्यावर तो स्वतंत्रपणें जगला. ता. ३० मे १७४४ रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, तो वारला.

सुमारें वीस वर्षांनंतर त्यानें साउथकोटचें ऋण फेडलें. फ्रान्समध्यें अॅव्हिन्यॉनजवळील एका मठाची जागा रिकामी होणार असें कळतांच त्यानें मुख्य प्रधान वॉल्पोल ह्यांस लिहिलें, व ती जागा मित्रास मिळवून दिली.

मातापितरांनों, आपलें मूल रोज दुखतें म्हणूं लागलें, तर तें ढोंग समजूं नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांतील एखादा सोबती अबोल झाला, निरवानिरवीची भाषा बोलूं लागला, तर ती गोष्ट मनांत ठेवूं नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याच दिवशीं ती एखाद्या वडील माणसाच्या कानावर घाला. साउथकोटनें ह्याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.