कृष्णाजी बल्लाळ देवल

ध्वनिलहरी सोडून अथांग सागराचे थर जाणता येतात. परंतु कंठातून निघणाऱ्या सूक्ष्म स्वरांची मोजणी कशी करावी? सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना या प्रश्नाचा ध्यास लागला. डेप्युटी कलेक्टरच्या पदावरून निवृत्त झाल्यावरही त्यांनी विश्रांती घेतली नाही.

प्राचीन ग्रंथकारांनी एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. पेटीवर मात्र १२च स्वर! तार न सैलावता निम्मी केली, की तिची कंपने दुप्पट होतात. या नियमाच्या आधारे देवलांनी मापनास आरंभ केला. अब्दुल करीम खाँसाहेब गात आणि देवल तो स्वर तारेवर मिळवून तिची लांबी मोजीत. १९१० साली श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली व त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली.

१९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली. तेथे अनेक जाणत्यांना ती पटली नाही; पुढेही ती फारशी प्रचारात आली नाही. तथापि कानाची साक्ष मोजमापाने पडताळून पाहावी, ही देवलांची दृष्टी मोलाचीच होय.