बोगोटाला गेलेला बचावपटू

१९५० च्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवले, ही फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत धक्कादायक घटनांपैकी एक मानली जाते. २९ जून रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे ज्यो गेटजेन्सने केलेल्या त्या गोलवर आजवर असंख्य लेख लिहिले गेले, चित्रपटही निघाला. पण त्या सामन्यात इंग्लंडच्या बचावफळीच्या मधोमध जो खेळाडू असायला हवा होता, तो मैदानावर का नव्हता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या खेळाडूचे नाव नील फ्रँकलिन. युद्धानंतर इंग्लंड खेळलेल्या पहिल्या २७ आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो न चुकता संघात होता. अठ्ठाविसाव्या सामन्याची वेळ आली तेव्हा मात्र तो कोलंबियाला पोहोचला होता.

फ्रँकलिनचा जन्म २४ जानेवारी १९२२ रोजी स्टोक-ऑन-ट्रेंटमधील शेल्टन भागात झाला. चिनी मातीची भांडी आणि भट्ट्यांचा धूर हीच या शहराची ओळख. अशा कामगारवस्तीतल्या मुलाला स्टोक सिटी क्लबने शाळा सुटल्यासुटल्या हेरले. खेळायला सुरुवात होते न होते तोच महायुद्ध आले आणि उमेदीची सहा वर्षे त्यात गेली. रॉयल एअर फोर्समधील नोकरी सांभाळून तो युद्धकालीन सामने खेळत राहिला. हे सामने अधिकृत नोंदीत धरले जात नाहीत. त्यामुळे लीगमधील त्याच्या नावावर स्टोकसाठी केवळ १४२ सामने दिसतात. प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी अधिक खेळला.

त्या काळी सेंटर-हाफ म्हणजे धिप्पाड गडी, असे समीकरण होते. चेंडू आला की जमेल तितक्या दूर भिरकावायचा आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीराला पहिल्या पाच मिनिटांत आपल्या हाडांची ओळख करून द्यायची! फ्रँकलिन या साच्यात बसणारा नव्हता. चेंडू कुठे येणार याचा अंदाज त्याला आधी यायचा. तो शांतपणे चेंडू काढून घेई आणि नुसता फेकून न देता आपल्याच सहकाऱ्याच्या पायाशी पोहोचवत असे. आज अशा बचावपटूंसाठी युरोपातले क्लब कोट्यवधी मोजतात. १९४६ च्या इंग्लंडमध्ये ही शैली काहींना चैनच वाटे.

सप्टेंबर १९४६ मध्ये बेलफास्टला उत्तर आयर्लंडविरुद्ध ७-२ असा विजय मिळाला, तो त्याचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना. पुढे मे १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालवर १०-० आणि मे १९४८ मध्ये तुरीनला इटलीवर ४-० असे दोन विजय इंग्लंडने मिळवले. मॅथ्यूज, फिनी, लॉटन, मॉर्टेन्सन, मॅनियन या आघाडीचे गोडवे आजही गायले जातात. त्यांच्या मागे मधोमध फ्रँकलिन होता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. बचावपटूंच्या नशिबी बहुधा हेच येते.

क्लबच्या पातळीवर त्याच हंगामात मोठी निराशा पदरी पडली. १९४६-४७ मध्ये स्टोकला लीगचे विजेतेपद प्रथमच मिळवण्याची संधी होती. हंगामाचे मोजकेच सामने उरले असताना स्टॅनले मॅथ्यूजला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकण्यात आले. अखेरच्या सामन्यात शेफील्ड युनायटेडला हरवले की काम फत्ते होते. स्टोक २-१ ने हरले, लिव्हरपूल विजेते ठरले आणि स्टोकची घसरण चौथ्या स्थानी झाली. व्यवस्थापक बॉब मॅकग्रॉरी यांच्याशी मॅथ्यूजचे पटत नव्हते. फ्रँकलिनचेही फार काळ पटले नाही.

त्याची नाराजी समजून घ्यायची तर त्या काळचा हिशेब पाहावा लागेल. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लिश लीगच्या सामन्यांना ४ कोटी १० लाखांहून अधिक तिकिटे खपली. एवढी गर्दी त्यानंतर कधीच झाली नाही. पण खेळाडू कितीही मोठा असो, त्याला हंगामात आठवड्याला १२ पौंड आणि उन्हाळ्यात १० पौंड, यापेक्षा जास्त वेतन देण्यास नियमानेच मनाई होती. सामना जिंकला तर आणखी दोन पौंड. खेळाडू वीस हजारांना विकला गेला तरी त्याच्या हाती करारापोटी दहा पौंडच पडत. शिवाय करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने सोडले नाही तर त्याला देशात दुसरीकडे खेळता येत नसे. वेठबिगारी हा शब्द कोणाला जड वाटेल, पण या व्यवस्थेला दुसरे चपखल नाव सुचत नाही.

आणि नेमकी तेव्हाच कोलंबियाची हाक आली. तिथल्या लीगने राष्ट्रीय महासंघाशी फारकत घेतल्यामुळे ‘फिफा’ने तिला बहिष्कृत केले होते. बहिष्कृत असल्याने परदेशी खेळाडू उचलताना मूळ क्लबला दमडीही देण्याचे बंधन नव्हते. वाचलेला पैसा थेट खेळाडूंच्या खिशात जाई. अर्जेंटिनातील खेळाडूंच्या संपानंतर आल्फ्रेडो दी स्टेफानोसारखे तारे बोगोटाच्या मिलोनारिओस क्लबमध्ये दाखल झाले होते. त्याच शहरातील सांता फे क्लबने फ्रँकलिनपुढे इंग्लंडमधील वेतनाच्या कित्येक पट रक्कम ठेवली. मे १९५० मध्ये पत्नी आणि लहान मुलाला घेऊन, स्टोकमधील सहकारी जॉर्ज माउंटफोर्डसह तो निघाला. विश्वचषकासाठी आपला विचार करू नये, असे त्याने कौटुंबिक कारण देऊन आधीच कळवले होते. पत्नी गर्भवती होती, त्यामुळे कारण खोटे नव्हते. मात्र ते पुरेही नव्हते. (याच स्पर्धेत खेळण्याची संधी भारतालाही मिळाली होती, आपला संघही ब्राझीलला गेला नाही.)

पाठोपाठ मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही सांता फेला जाऊन मिळाला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या साऱ्यांना बोगोटाचे लुटारू ठरवून टाकले.

प्रत्यक्षातले बोगोटा वेगळे निघाले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवरचे हे शहर. एप्रिल १९४८ मध्ये लोकप्रिय नेते होर्हे गाइतान यांची हत्या झाल्यानंतर शहर दंगलीत होरपळले होते. देशातला रक्तरंजित संघर्ष दोन वर्षांनंतरही थांबला नव्हता आणि रात्रीची संचारबंदी लागू होती. भाषा अनोळखी, पत्नी गरोदर, आणि ठरलेल्या पैशांबाबतही मनासारखे घडेना. मोजकेच सामने खेळून, जेमतेम दोन महिन्यांत फ्रँकलिन कुटुंबासह मायदेशी परतला. मिटनने मात्र हंगाम पूर्ण केला.

इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी पायघड्या अंथरल्या जाणार नव्हत्याच. त्याचे निलंबन झाले आणि स्टोकने त्याला पुन्हा आपल्या संघात खेळवले नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील हल सिटीने २२,५०० पौंड मोजून त्याला घेतले. म्हणजे ज्याला शिक्षा झाली, त्याच्याच विक्रीतून स्टोकने घसघशीत रक्कम कमावली! वय होते अवघे एकोणतीस. इंग्लंडच्या निवड समितीने त्याचे नाव पुन्हा कधीही घेतले नाही. त्याच्या जागी एकामागून एक सेंटर-हाफ आजमावले गेले. अखेर १९५४ च्या विश्वचषकात कर्णधार बिली राइट मधल्या जागी आला आणि हा शोध संपला. राइटने पुढे शंभर आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण केले, असा पराक्रम करणारा तो जगातला पहिला फुटबॉलपटू. फ्रँकलिनचा आकडा २७ वरच गोठला.

यापुढची कारकीर्द एखाद्या फिरस्त्या व्यावसायिक खेळाडूची. हलला रेक कार्टरच्या हाताखाली सुरुवात बरी झाली; नंतर गुडघ्याने सतावले. तिथे लीगचे ९५ सामने झाले. १९५६ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीतील क्रू अलेक्झांड्राकडे गेला, पुढच्या वर्षी स्टॉकपोर्ट काउंटीकडे आणि त्यानंतर वेलिंग्टन टाउन, सँकीज अशा लीगबाहेरच्या संघांकडे. ज्याने तुरीनमध्ये जगज्जेत्या इटलीला रोखले, तो आता छोट्या गावांच्या चिखलमय मैदानांवर उतरत होता. १९५६ मध्ये त्याने आपल्या अनुभवांचे पुस्तकही प्रसिद्ध केले.

जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी देऊन कमाल वेतनाची मर्यादा रद्द करून घेतली. काही महिन्यांतच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धतही चुकीची ठरवली. या विजयाच्या इतिहासात फ्रँकलिनचे नाव क्वचितच येते. तो चळवळीतला माणूस नव्हता हे खरे. पण त्याने दाखवलेल्या दारापाशी बाकीचे अकरा वर्षांनी पोहोचले.

१९६३ मध्ये सायप्रसमधील अपोएल निकोसियाला काही काळ प्रशिक्षण देऊन तो कोलचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक झाला. तिथल्या पाच वर्षांत संघ एकदा खाली घसरला, एकदा वर चढला आणि १९६८ मध्ये पुन्हा घसरला. तेव्हा त्याची नोकरीही गेली. पुढे त्याने मद्यालय चालवले.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात करार संपलेल्या खेळाडूला विनामूल्य क्लब बदलण्याचा हक्क दिला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९९६ रोजी, नील फ्रँकलिनचे वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले.