मातीतून गादीकडे

भोपाळ हे हॉकीचे शहर. साकेत नगरातील आपल्या मुलांपुढे आज आम्ही मात्र एका मल्लाचे चरित्र ठेवीत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः मल्ल. त्यामुळे जोर, बैठका आणि तालमीची तांबडी माती यांचे संस्कार बालपणीच लाभले. परंतु १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये माती नव्हती, गादी होती. त्या अपरिचित गादीवरही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तेथे कॅनडा, मेक्सिको व जर्मनीचे मल्ल खाशाबांनी हरविले. जपानच्या इशीईशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, असे सांगतात. त्यांची बाजू मांडावयास भारतीय अधिकारी तेथे नव्हता. तरीही कांस्यपदक लाभले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरे येण्यास १९९६ साल उजाडले.

पुढे पोलीस खात्यात सेवा करून १९८४ साली ते अपघातात निवर्तले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

मुलांनो, देह ज्याचा त्यानेच कमवावा लागतो. पण कमावलेल्या देहाच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. खर्डेकर उभे राहिले. आपणही राहू या.